अहिरे भाऊजी आणि पाण्याची खबर

अहिरे भाऊजींच्या घरात महिन्याच्या पहिल्या रविवारी शिंकायला बंदी असते.

थट्टा नाही करत. त्या दिवशी सकाळी ते आपला लॅपटॉप उघडतात. उघडतात म्हणजे तुम्ही-आम्ही झाकण वर करतो तसं नव्हे. पालथा घालून, पाठीचे स्क्रू काढून, आतलं सगळं बाहेर. पुढच्या खोलीत पांढरी चादर अंथरलेली, खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. भाऊजी बनियनवर, घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून कपाळाला पंचा बांधलेला. चादरीवर ते बारकेबारके भाग मांडलेले आणि मांडीशी मिसळणाचा डबा. मोहरीच्या वाटीत लहान स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत मोठे आणि हळदीच्या वाटीत कुठले काढले ते आठवत नाही असे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मे महिना होता. कैरीचं लोणचं घेऊन गेले होते. दार ढकललं तर आतून आवाज आला, "जयभीम, वहिनी. आहात तिथंच थांबा. श्वास हळू घ्या."

म्हटलं, "श्वास? तो कसा हळू घ्यायचा?"

"नाकातून. मोहरीच्या वाटीतला एकेक स्क्रू तिळाएवढा आहे. मागच्या खेपेला साळवे गुरुजी इथंच उभे राहून शिंकले. एक अजून सापडलेला नाही."

मी बरणी उंबऱ्यात ठेवली आणि उलट्या पावली निघाले. तेव्हापासून त्या रविवारी त्यांच्याकडे जायचं झालं तर मी नाकाला पदर लावूनच जाते. बघणाऱ्याला वाटतं, या घरात काहीतरी सडलंय.

भाऊजी मूळचे सटाण्याकडचे. टेलिफोन खात्यात लाईनमन होते. आमची कॉलनी नाशिकरोडच्या अलीकडे, उतारावर वसलेली. आमचं घर सगळ्यात खालच्या गल्लीत, त्यांचं सगळ्यात वरच्या. बोलतात तुमच्या-आमच्यासारखंच, पण जीव कशात अडकला की त्यांची अहिराणी बाहेर पडते. कुणी बंद पडलेला रेडिओ आणून दाखवला, भंगारवाल्याला देऊ का म्हणून विचारलं, की भाऊजी तो कानाशी धरणार, दोनदा हलवणार आणि म्हणणार, "मरेल नई, थकेल शे!" मेलेला नाही हो, दमलाय. हे त्यांचं पालुपद. पंखा असो, इस्त्री असो, पाण्याची मोटर असो, त्यांच्या लेखी जगात मेलेलं असं काही नसतंच. एकदा आमचे हे कंबर धरून अंथरुणाला खिळले होते. भाऊजी बघायला आले, दारातूनच दोन क्षण न्याहाळलं आणि सवयीनं म्हणाले, "मरेल नई, थकेल शे." हे तसेच ताडकन उठून बसले. डॉक्टरच्या गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते झालं.

आता त्या लॅपटॉपचं सांगते. त्यांची लेक सुजाता इंजिनिअरिंगला गेली तेव्हा तो घेतलेला. काळा, जाडजूड, पाट्यासारखा वजनदार. सुजाता शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन बंगळूरला गेली. लॅपटॉप माहेरीच राहिला. भाऊजींनी त्याला मांडीवर घेतला तो आजतागायत उतरवला नाही. बॅटरी बदलली, कीबोर्ड बदलला, आतला पंखा बदलला, झाकणाच्या बिजागऱ्या बदलल्या, पडदा कुठल्याशा दुसऱ्या लॅपटॉपचा आणून बसवला. एकदा ह्यांनी विचारलंच, "अहिरे, यात मूळचं काय राहिलंय?" भाऊजी विचारात पडले. मीच म्हटलं, "गोधडीला कोणी विचारतं का असं? ठिगळावर ठिगळ लागतं, ऊब तीच असते." तर भाऊजी इतके खूश झाले की आमच्या गॅसची शेगडी न मागता साफ करून गेले.

शहरात शालिमार चौकाजवळ जुन्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. तिथला दुकानदार भाऊजींना लांबून बघितलं की चहा सांगतो, कारण आता तासभर सुटका नाही हे त्याला ठाऊक. मी एकदा बरोबर गेले होते. दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, याच्यापेक्षा नवा घ्या ना. मी स्वस्तात देतो." भाऊजींनी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला, जणू त्यानं ऐकू नये म्हणून, आणि हळूच म्हणाले, "याच्यासमोर नको."

नवा नाही असंही नाही. जावयानं पाठवलाय. पापडासारखा पातळ, चंदेरी. भाऊजींनी तो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. "वहिनी, याला स्क्रूच नाहीत! सगळं चिकटवून टाकलंय. उद्या याच्या पोटात दुखलं तर बघायचं कुठून?" तो कपाटात असतो, ठेवणीतल्या शालीशेजारी. जावई यायचा असला की बाहेर काढून टेबलावर मांडतात. जावयाची पाठ फिरली की परत शालीशेजारी.

एवढ्या जपणुकीनं हा लॅपटॉप करत काय होता, तर आमच्या कॉलनीला पाणी आल्याची खबर देत होता.

आमच्याकडे पाणी आधी खालच्या गल्लीत येतं, म्हणजे आमच्या नळाला, आणि मग हळूहळू चढ चढत वर जातं. वर कधी पोचेल त्याचा नेम नाही. वरच्या बाया पहाटेपासून हंडे मांडून बसायच्या. खालच्यांनी मोटर लावली की वरच्या भांडायला उतरायच्या. भाऊजींच्या मंडळी, शोभाताई, त्यांचे गुडघे धरलेले, तरी त्या अंधारात नळाशी स्टूल टाकून बसायच्या. ते भाऊजींना बघवेना. रविवारच्या बाजारातून जुनी पुस्तकं आणली, दुपारी जग झोपलं की भाऊजी बसायचे, आणि एका बोटानं एकेक कळ शोधत एक प्रोग्रॅम लिहिला. लाईनमन माणूस, शिकवायला कोणी नाही. पण लिहिला.

युक्ती साधी होती. मोबाइलवर एक निळा गोल. आमच्या नळाला पाणी आलं की मी तो दाबायचा. बस्स. खबर वर भाऊजींच्या लॅपटॉपकडे जायची. तो हिशेब करायचा की आज पाण्याला जोर किती, कुठल्या गल्लीला पोचायला वेळ किती, आणि त्या त्या वेळी त्या त्या घरातला मोबाइल ओरडायचा. ओरडायचा म्हणजे साक्षात भाऊजींच्या आवाजात. साध्या मराठीत बोलून पाहिलं तर म्हणे कोणी उठेना. मग अहिराणीत दणका दिला, "पानी उनं! पानी उनं! उठा!"

काय सांगू तुम्हाला, कॉलनीतली भांडणं थांबली. बाया अंघोळ उरकून, चहा पिऊन, वेणी घालून नळावर जायला लागल्या. शोभाताईंचं स्टूल घरात गेलं.

एकदा मात्र गंमत झाली. कॉलनीतल्या एका मुलीचा साखरपुडा इगतपुरीला होता. आषाढातला पाऊस, तोही इगतपुरीचा, पत्र्यावर नुसता धबधबा. आम्ही सगळे गेलेलो, आमचे हे तेवढे घरी. बुद्धवंदना चालू होती, सगळे हात जोडून डोळे मिटून बसलेले. नेमकं त्या दिवशी पाणी अवेळी आलं आणि ह्यांनी इमानेइतबारे निळा गोल दाबला. झालं. सभागृहात वरच्या गल्लीचे पंधरावीस मोबाइल एकदम गरजले, "पानी उनं! पानी उनं! उठा!" आमच्या कॉलनीची माणसं सवयीनं उठून उभी. मुलाकडच्यांना वाटलं, धरणाचं पाणी आत शिरलं. नवरदेवाच्या आत्यानं पेढ्यांचं ताट उचलून बाकावर चढून घेतलं. भाऊजी शेवटच्या रांगेत, कान लाल, आणि शेजारच्याला सांगतायत, "वेळ बघा, वेळ. अगदी बरोबर काढलीय की नाही?"

तर असे ते दिवस. मग काळ पालटला. लोकांनी अंगणात जमिनीखाली टाक्या बांधल्या. पाणी येतं, टाकीत पडतं, भरली की आपोआप बंद होतं. कोणाला उठायचं कारण नाही. आम्हीही बांधली. आता पाणी कधी येतं हे मला कळायचंही कारण उरलं नव्हतं. तरी मी रोज पहाटे उठायचे, बाहेरचा जुना नळ सोडून बघायचे, पाणी आलं की निळा गोल दाबायचे.

ह्यांनी विचारलं, "अगं कोणासाठी?"

म्हटलं, "भाऊजींसाठी. शोभाताई गेल्यापासून तो माणूस त्या लॅपटॉपच्या जिवावर आहे. एक दिवस गोल दाबला नाही तर त्यांना काय वाटेल?"

अशी किती वर्षं गेली, मोजली नाहीत.

मग मागच्या उन्हाळ्यात सुजाताचा फोन आला. तिला सातवा लागला होता. "काकू, आई नाही. निदान बाबांनी तरी इथं येऊन राहावं ना! बाळ होईपर्यंत, झाल्यावर थोडे दिवस. मी रडले त्यांच्याजवळ. तर म्हणतात, लॅपटॉप कोण बघेल? माझ्यापेक्षा तुमच्या कॉलनीचे नळ मोठे झाले का हो?"

मी तडक वर गेले. भाऊजी लॅपटॉपवर फुंकर मारत होते. मी झाडायला सुरुवात केली. पोर एकटी आहे, पहिली खेप आहे, तुम्ही इथं काय धरून बसलात?

"तसं नाही वहिनी. लोक वापरतात. रोज पहाटे खबर येते. माणूस झोप मोडून कळ दाबतो, आणि ती घ्यायला मी जागेवर नाही? लाईनमन लाईनीवरच पाहिजे."

मी घरी आले आणि पायरीवरच बसले. हे म्हणाले, "काय झालं?"

"अहो, ते जे रोज झोप मोडून कळ दाबणारे लोक आहेत ना, ती मी आहे!"

म्हणजे बघा. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी दाबतेय, आणि मी दाबतेय म्हणून ते चालू ठेवतायत. दोन शेजारी एकमेकांना आग्रह करकरून जेवतायत आणि भूक दोघांनाही नाही!

दुसऱ्या दिवशी मी गोल दाबला नाही. म्हटलं, सोपं आहे. आपण थांबलो की तेही थांबतील. चहा ठेवला, उकळी यायच्या आत फाटक वाजलं. भाऊजी! बनियनवर, एका पायात चप्पल, चढ उतरून धावत आलेले. "वहिनी, तब्येत बरी ना? तुमचे हे कुठायत? काय झालं?" ह्यांनी बाथरूममधून आवाज दिला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मी ओशाळून म्हटलं, "डोळा लागला होता." पुढच्या दिवसापासून पुन्हा पहाट, पुन्हा नळ, पुन्हा गोल.

मग आम्ही दोघांनी मिळून त्यांना समजावलं. ह्यांनी नीट मुद्दा मांडला, की चालू करणं जसं काम आहे तसं बंद करणंही कामच आहे, आणि ते अर्धवट टाकून जाण्यापेक्षा आपल्या हातानं नीट करावं. हे भाऊजींना पटलं. "बरोबर. टेलिफोन कायमचा काढायचा तरी आम्ही घरी जाऊन सांगायचो. तार गुंडाळून घ्यायचो, भिंतीचं भोक बुजवून द्यायचो. घरोघर जातो. परवानगी घेतो. कोणी एकानं जरी नको म्हटलं तर नाही बंद करणार."

पेढे आणले, इस्त्रीचा शर्ट घातला, उद्यापासून निघतो म्हणाले.

मला मात्र वेगळीच चिंता. कॉलनीत कोणाला आठवतंय का हे? एखाद्याच्या दारात जातील आणि तो म्हणेल, "ते अजून चालू होतं?" भाऊजींचं तोंड केवढंसं होईल. म्हणून त्याच संध्याकाळी मी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. घरोघरी सांगितलं, अहिरे भाऊजी येतील, जरा दोन शब्द बरे बोला. म्हणा, फार उपयोग झाला, आठवण येईल. एवढंच.

एवढंच सांगितलं होतं हो! पण आमची माणसं! दोंदे मावशींनी त्यांना ओवाळलं. कोणी शाल घातली. आणि साळवे गुरुजी, ते तरुणपणी जलशात कामं करायचे, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. त्यांनी भाऊजींचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "अहिरे, बंद करू नका! तुमच्या आवाजाशिवाय आमची सकाळ उजाडायची कशी?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी आमच्याकडे आले ते पेढ्याचा रिकामा खोका आणि खांद्यावर शाल घेऊन. चेहरा नुसता फुललेला. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नाही वहिनी. बंद नाही करता येणार. लोकांना गरज आहे. सुजाताला कळवतो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. सुजाताचा आवाज कानात घुमत होता. आता गप्प बसून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, कोणाला गरज नाही. सगळ्यांच्या टाक्या झाल्यात. त्या गुरुजींना मीच शिकवून ठेवलं होतं. आणि रोजची ती कळ मी दाबते ती तुमच्यासाठी. मलाही पाण्याचं काही पडलेलं नाही."

बोलून गेले आणि वाटलं, संपलं. आता हा माणूस उठून जाणार, पुन्हा आमची पायरी चढणार नाही.

भाऊजींनी शालीची घडी घातली. सावकाश, कोपऱ्याला कोपरा लावून. मग हसले.

"ठाऊक आहे वहिनी. कोणाच्या मोबाइलवर चालू आहे, कोणी काढून टाकलंय, ते मला लॅपटॉपवर दिसतं. साळवे गुरुजींनी केव्हाच काढलंय. पण काय सुरेख रडले हो! मलाच वाईट वाटलं त्यांच्यासाठी."

ह्यांना ठसका लागला. मी म्हटलं, "अहो, मग ठाऊक असून हे पेढे, हे घरोघर फिरणं..."

"लाईनमन होतो तेव्हा कुठल्याही घराची बेल वाजवायचो. फोन बंद पडला की लोक वाट बघत असायचे. या, बसा, चहा घ्या. सबंध नाशिकरोडचा चहा प्यायलोय मी. निवृत्त झालो आणि बेल वाजवायचं कारणच संपलं. दार उघडल्यावर सांगायचं काय? काही माणसांना 'सहज आलो' म्हणता येतं. मला नाही जमत. जीभ अडखळते. या निमित्तानं सगळ्यांकडे बसून आलो. दोंदे मावशींच्या नातीचं लग्न ठरलंय, मला पत्ताच नव्हता."

"आणि रोजची कळ?"

"शोभा गेल्यावर सकाळी घरात आवाज नसतो वहिनी. लॅपटॉप ओरडतो तो माझ्याच आवाजात, पण मला उठवलेलं असतं दुसऱ्या कोणीतरी."

मी पदर तोंडाला लावला. तिळाएवढा स्क्रू जवळपास नव्हता, तरी लावला.

मग म्हटलं, "सुजाताकडे जायला कसलं निमित्त पाहिजे? पोटची पोर आहे."

त्यांनी मान खाली घातली. "तिच्याकडे सगळं नवं आहे. बटण दाबलं की भांडी घासून निघतात, आपोआप केर निघतो. बंद पडलेलं काही नाही. मी त्या घरात जाऊन करू काय? सोफ्यावर बसू?"

तर गाठ ही होती. लॅपटॉप नव्हे, नळ नव्हे. आम्ही उगीचच भलत्या ठिकाणचे स्क्रू काढत बसलो होतो.

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही लाईनीवर असायचात तेव्हा सुजाता कधी रांगायला लागली तेही तुम्हाला कळलं नसेल, म्हणून सांगते. त्या घरात आता मूल येणार आहे. एकदा ते रांगायला लागू दे, मग आठ दिवसांत त्या घरात धड राहिलेली एक वस्तू मला दाखवा. आमच्या थोरल्यानं टीव्हीत पोळी घातली होती."

"पोळी?" भाऊजींनी मान वर केली. "फटीतून? आख्खी?"

"गुंडाळी करून."

"मग काढली कशी?"

"तुम्हीच आला होतात काढायला!"

"हां हां हां!" भाऊजी टाळी वाजवून हसले. "बठ्ठं याद उनं! सगळं आठवलं! तूप लागलेली होती!" आणि पुढचा अर्धा तास त्यांनी ती पोळी कशी काढली ते आम्हाला सांगितलं. निघताना फाटकात थांबून म्हणाले, "रांगायला लागेपर्यंत राहावं लागेल म्हणजे. बराच काळ होईल."

"होऊ द्या की."

पौर्णिमेच्या सकाळी बंद करायचं ठरलं. आम्ही दोघं वर गेलो. मी पहाटे आमचा नळ बघून आले होते, त्यांच्या घरात उभी राहून मी निळा गोल दाबला. लॅपटॉप ओरडला. मग भाऊजींनी शेवटची खबर पाठवली, त्यांच्याच आवाजात. "आजपासून पानी ज्याचं त्यानं बघा. चुकलंमाकलं माफ करा." ती फक्त माझ्या आणि ह्यांच्या मोबाइलवर वाजली. भाऊजींनी लॅपटॉप बंद केला. इतकी वर्षं घरात त्याच्या पंख्याची घरघर असायची, ती थांबली तेव्हा कळलं की ती होती. भाऊजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "विश्रांती घे थोडी," म्हणाले. भिंतीतून आलेली वायर त्यांनी गुंडाळून ठेवली आणि भोक सिमेंटनं बुजवलं. जुना लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून बॅगेत गेला. चंदेरी शालीशेजारीच राहिला.

गाडी मनमाडहून होती. जीप सांगितलेली. मी कॉलनीत एवढंच बोलले की भाऊजी रविवारी दुपारी निघणार. आणि ते त्या दिवशी जे बोलले होते, ते 'सहज आलो'चं, तेवढं मी दोंदे मावशींजवळ बोलले. शिकवलं कोणाला काही नाही. मागचा अनुभव होता.

रविवारी सकाळपासून त्यांच्या घराशी रांग. दोंदे मावशी इस्त्री घेऊन, "बघा ना जाता जाता." कोणी घड्याळ, कोणी टॉर्च. साळवे गुरुजी दाराची बेल भिंतीवरून उपटून घेऊन आलेले, मागे वायर लोंबतेय. "वाजत नाही, अहिरे," म्हणाले. भाऊजींनी ती लावून बघितली, ठणठणीत वाजली. गुरुजी म्हणाले, "घरी नाही वाजत. घरीच येऊन बघावं लागेल." गेले की भाऊजी त्यांच्या घरी! मग इस्त्री बघायला मावशींकडे, मग आणखी दोन घरं. प्रत्येक घरी चहा. जीपवाला हॉर्न देऊन देऊन थकला.

सगळ्यात शेवटी आमच्याकडे आले. ओट्यावर मिक्सर होता. आदल्या दिवशी ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात स्क्रूड्रायव्हर धरला होता आणि जीभ बाहेर काढून, माझ्या शिव्या खात, मिक्सरच्या बुडातली एक तार सैल केली होती.

"सकाळपासून फिरतच नाही भाऊजी," मी म्हटलं.

भाऊजींनी मिक्सर उलटा केला. बुडाचे स्क्रू काढले. आत बघितलं. तार तिथंच होती, जागेपासून बोटभर लांब, उघडी, कोणालाही दिसेल अशी. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे बघितलं. हे एकदम कॅलेंडर वाचायला लागले.

ती जागेवर दाबायला दोन बोटं पुरली असती.

भाऊजींनी स्क्रू पुन्हा होते तसे बसवले. मिक्सर सरळ करून ओट्यावर ठेवला, फडक्यानं पुसला.

"मोठं काम आहे वहिनी," म्हणाले. "घाईत करण्यासारखं नाही. परत आलो की बसून बघतो. तोवर दुसऱ्या कोणाला उघडू देऊ नका."

"नाही देत," मी म्हटलं.

सुजाताला मुलगी झाली. परवा फोन आला, पोर पालथी पडायला लागली, भाऊजी तिच्या खुळखुळ्याचे स्क्रू शोधतायत, सापडत नाहीत म्हणून चिडलेत. मिक्सर आमच्या ओट्यावर तसाच आहे. कुठली तार कुठे लावायची ते ह्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. चटणी मी पाट्यावर वाटते.